नाकामुराची तीन मिनिटे

डिसेंबर २०२२ मध्ये चेस डॉट कॉम या संकेतस्थळाच्या ‘स्पीड चेस चॅम्पियनशिप’ची अंतिम लढत झाली. एका बाजूला तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा. आधी दीड तास पाच मिनिटांचे डाव, मग तासभर तीन मिनिटांचे आणि शेवटी अर्धा तास एका मिनिटाचे. २८ डावांनंतर नाकामुरा १४.५-१३.५ असा जिंकला आणि हे विजेतेपद त्याने सलग पाचव्या वर्षी स्वतःकडे ठेवले. हा माणूस इतका का जिंकतो, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : त्याचा हात वेगवान आहे, डोके भराभर चालते. मला हे उत्तर अपुरे वाटते. भराभर विचार करणारे तरुण खेळाडू आज जगात पुष्कळ आहेत. नाकामुराचे वेगळेपण काटकसरीत आहे. कुठल्या चालीवर वेळ घालवायचा नाही हे त्याला इतरांच्या आधी कळते, आणि समोरच्याला नेमका तिथेच वेळ घालवावा लागेल अशी स्थिती तो पटावर आणतो.

यासाठी आधी थोडा हिशेब पाहू. तीन मिनिटांच्या डावात प्रत्येक खेळाडूकडे १८० सेकंद असतात. डाव ६० चालींपर्यंत गेला तर एका चालीच्या वाट्याला सरासरी तीन सेकंद येतात. काही स्पर्धांत प्रत्येक चालीमागे एक सेकंद वाढवून मिळतो, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही. डावाच्या मध्यावर एखाद्या स्थितीत नियमाने शक्य असलेल्या चाली साधारण ३० ते ३५ असतात. त्या प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तेवढीच उत्तरे धरली, तर दोघांच्या एकेका चालीतच हजाराच्या आसपास शक्यता तयार होतात. तीन सेकंदांत हे कोणी मोजत नाही, मोजूही शकत नाही. म्हणजे जलद डावातल्या बहुतेक चाली मोजून आलेल्या नसतात. त्या ओळखीतून आलेल्या असतात.

या ओळखीवर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. नेदरलँड्सचे आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ च्या आपल्या प्रबंधात थोर खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावले. त्यात दिसले ते अनेकांना अनपेक्षित होते : ग्रँडमास्टर सामान्य तज्ज्ञ खेळाडूंपेक्षा फार खोलवर मोजत नव्हते, तरी चाली चांगल्या निवडत होते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती फक्त पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. मास्टर दर्जाच्या खेळाडूला ती बरीचशी जमली, नवख्याला चार-पाचच मोहरी आठवली. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तेव्हा मात्र मास्टरचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. वाचायला सरावलेला माणूस अक्षरे जुळवत बसत नाही, अख्खा शब्द एका नजरेत घेतो. तसा अनुभवी खेळाडू मोहऱ्यांचे परिचित पुंजके एकदम पाहतो आणि त्या पुंजक्यासोबत येणारी चालही त्याला सुचते. २००४ मध्ये ब्रूस बर्न्स यांनी पाच मिनिटांच्या डावांच्या स्पर्धांचे निकाल तपासले. नेहमीच्या वेळेच्या पाच टक्क्यांहून कमी वेळात खेळाडू कसे खेळतात, यावरून त्यांच्या एकूण कौशल्यातल्या फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग उलगडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे बुद्धिबळातल्या हुशारीचा मोठा वाटा पहिल्या काही क्षणांतच कामाला लागतो. हा आकडा पुढे पुन्हा लागेल.

नाकामुराकडे हा ओळखीचा साठा कसा जमला, हे त्याच्या जडणघडणीत दिसते. जन्म ९ डिसेंबर १९८७ चा, जपानमधल्या ओसाका प्रांतातल्या हिराकाता शहरातला. दोन वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. त्याचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे आणि अमेरिकेतले नावाजलेले बुद्धिबळ प्रशिक्षक. २००३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो ग्रँडमास्टर झाला आणि अमेरिकेत सर्वांत लहान वयात हा किताब मिळवण्याचा बॉबी फिशरचा विक्रम त्याने मोडला. पण त्याच्या पिढीचे खरे वैशिष्ट्य इंटरनेट. ‘इंटरनेट चेस क्लब’वर ‘स्मॉलविल’ या नावाने तो रात्रंदिवस खेळत असे. एके काळी महिन्यातून एखादी स्पर्धा आणि तीत नऊ डाव, असा अनुभव मिळे. या मुलाने एका संध्याकाळी तेवढ्याहून अधिक डाव खेळले, आणि हे वर्षानुवर्षे चालले. २००९ मध्ये, बावीस वर्षांचाही झाला नसताना, ब्रूस हार्पर यांच्यासोबत त्याने एका मिनिटाच्या डावांवर अख्खे पुस्तक लिहिले. ज्या प्रकाराला तेव्हाचे बहुतेक ग्रँडमास्टर विरंगुळा समजत, त्याचा त्याने शास्त्र म्हणून अभ्यास केला.

आता त्याच्या खेळाकडे येऊ. डावाच्या आरंभी, म्हणजे ओपनिंगमध्ये, आजचे खेळाडू संगणकावर वीस-वीस चाली पाठ करून येतात. जलद डावात नाकामुरा या पाठांतराच्या शर्यतीत अनेकदा उतरतच नाही. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना तो वजिराकडच्या घोड्यासमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवतो आणि त्यामागे उंट आणून त्याला लांब तिरप्या रेषेवर बसवतो. संगणकाच्या मते यात पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा फारसा उरत नाही. पण समोरच्याची पाठ केलेली वही मात्र पहिल्याच चालीला बंद होते. आता दोघांनाही स्वतःच्या डोक्याने खेळायचे आहे, आणि अशा स्थितीचे शेकडो डाव एकानेच खेळलेले आहेत. पहिल्या दहा चालींना एकाचे दहा सेकंद जातात, दुसऱ्याचे तीस. पटावर बरोबरी असते, घड्याळावर नसते. तरुणपणी त्याने यात धाडसाची हद्दही गाठली होती. २००५ च्या सिगेमन स्पर्धेत, संथ वेळेच्या गंभीर डावात, भारताच्या कृष्णन ससिकिरणविरुद्ध त्याने दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला. नवशिक्यांना पहिल्या दिवशी मनाई केली जाते तीच ही चाल. तो डाव ससिकिरणने जिंकला. पुढे नाकामुराने असले टोकाचे प्रयोग कमी केले, पण त्यामागचा विचार सोडला नाही : अचूक चाल आणि अडचणीची चाल यांत निवड करायची झाली आणि वेळ थोडा असला, तर अडचणीची चाल निवडावी.

डावाच्या मध्यात त्याचा दुसरा गुण दिसतो. तो तणाव लवकर मोडत नाही. प्यादी समोरासमोर भिडलेली असतात, कोणीही मारू शकतो, पण नाकामुरा एखादा हत्ती बाजूला घेतो, राजा एका घराने सरकवतो आणि थांबतो. या चाली पाहणाऱ्याला निरर्थक वाटतात. खरे तर प्रत्येक चालीमागे त्याने समोरच्यासमोर पुन्हा तेच प्रश्न ठेवलेले असतात : आता मारू का, ढकलू का, की मीही थांबू? निर्णयाला वेळ लागतो, आणि जलद डावात वेळ हेच सर्वांत महाग मोहरे. उलट तो स्वतः वाईट स्थितीत सापडला, तर चिवटपणे असे अडथळे उभे करत जातो, की जिंकत असलेल्या माणसाला प्रत्येक चालीला एकच नेमकी चाल शोधावी लागते. असे सहा-सात वेळा शोधता शोधता घड्याळ वीस सेकंदांवर येते आणि सातव्यांदा चूक होते. अंतिम टप्प्यात, मोजकी मोहरी उरल्यावर, संगणक ‘शून्य’ म्हणजे बरोबरी दाखवत असतो. नाकामुराच्या दृष्टीने डाव तिथे संपलेला नसतो. हत्ती-प्याद्यांच्या अशा स्थिती त्याने इतक्या हाताळल्या आहेत की त्याच्या चाली जवळजवळ आपोआप होतात, आणि आठ सेकंद उरलेल्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

हीच वृत्ती २००८ मध्ये त्याने संगणकाविरुद्ध दाखवली, आणि त्याच्या शैलीचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. ‘रिब्का’ ही तेव्हा जगातली सर्वांत बलाढ्य मानली जाणारी बुद्धिबळ-प्रणाली. हिशेबात तिच्यापुढे माणसाचा निभाव लागणे अशक्य. तीन मिनिटांच्या डावात नाकामुराने हिशेबाची वेळच येऊ दिली नाही. त्याने सर्व प्यादी एकमेकांत अडकवून पट अक्षरशः बंद करून टाकला. मोहऱ्यांच्या मोजणीत आपण पुढे आहोत असे रिब्काला दिसत होते, त्यामुळे बरोबरी तिला नको होती. पन्नास चालींत प्यादे हलले नाही किंवा काही मारले गेले नाही, तर बरोबरी मागता येते असा नियम आहे. तो टाळण्यासाठी तिने स्वतःच आपली तटबंदी उघडली आणि तिथे ती कोसळली. डाव २७० चालींहून अधिक चालला आणि नाकामुरा जिंकला. शेवटी प्यादी पलीकडे पोचल्यावर त्याने वजीर न घेता एकामागून एक उंट घेतले, ते निव्वळ तरुण वयातले खट्याळपण होते. महत्त्वाचे आहे ते आधीचे. समोरच्याचे बळ कशात आहे ते ओळखायचे आणि त्या बळाचा उपयोगच होणार नाही असा डाव घडवायचा, हे काम वेगवान हाताचे नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पडद्याचा. हे सगळे माउसचे कसब आहे, खऱ्या पटावर बसवले तर फरक पडेल, असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्याचा अंश आहे. इंटरनेटवर ‘प्रीमूव्ह’ची सोय असते. समोरच्याची चाल होण्याआधीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवता येते, आणि चेस डॉट कॉमवर तिला सेकंदाचा दहावा भागच खर्ची पडतो. शेवटच्या दहा सेकंदांत ही सोय कोण कशी वापरतो यावर निकाल फिरतात, आणि नाकामुरा त्यात तरबेज आहे. खऱ्या पटावरचे ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांच्या डावांचे, जगज्जेतेपदही त्याला मिळालेले नाही. २०१९ मध्ये मॉस्कोत तो कार्लसनसोबत बरोबरीने पहिला आला आणि निर्णायक डावांत हरला. २०२२ मध्ये अल्माटीत पुन्हा कार्लसनच्याच मागे दुसरा राहिला. पण दोनदा जगात दुसरे येणे हा काही पडद्यावरच्या हातचलाखीचा पुरावा नव्हे. २००९ च्या नोव्हेंबरात ओस्लोमध्ये, खऱ्या पटावर, खऱ्या लाकडी मोहऱ्यांनी, त्याने ब्लिट्झच्या अंतिम सामन्यात कार्लसनला ३-१ ने हरवले होते, तेही कार्लसनच्या देशात. २०१८ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत त्याने रॅपिडचे, म्हणजे ब्लिट्झहून थोड्या लांब जलद डावांचे, विजेतेपद घेतले आणि ब्लिट्झमध्ये विश्वनाथन आनंदशी बरोबरी केली. तिथे आनंदने जादा डावांत बाजी मारली. पडदा त्याला थोडे झुकते माप देतो, एवढेच मान्य करता येईल.

दुसरा आक्षेप पाठांतराचा. हजारो डाव खेळून ठराविक स्थिती घोकल्या, मग त्यात प्रतिभा कुठली? याचे उत्तर फिशर रँडम या प्रकारात मिळते. त्यात मागच्या ओळीतली मोहरी दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखी वेगळ्या क्रमाने मांडली जातात. ९६० वेगवेगळे आरंभ होऊ शकतात, आणि घोकलेले ओपनिंग पूर्ण निरुपयोगी ठरते. नाकामुराने २००९ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ इथे या प्रकारात लेव्हॉन अरोनियनला अंतिम सामन्यात ३.५-०.५ असे नमवले आणि २०२२ मध्ये रेकयाविकमध्ये इयान नेपोम्नियाचीला हरवून तो फिशर रँडमचा जगज्जेता झाला. त्याचा साठा आरंभीच्या चालींचा नाही. राजा कधी उघडा पडतो, कुठले मोहरे अडकले आहे, कुठली अदलाबदल कोणाच्या पथ्यावर पडेल, याची ती जाण आहे, आणि ती अनोळखी आरंभातूनही कामाला येते.

आणखी एक शंका अलीकडची आहे आणि ती जास्त गंभीर. नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक याने नाकामुराच्या ४६ ऑनलाइन डावांतल्या ४५.५ गुणांच्या मालिकेकडे बोट दाखवले आणि असे आकडे संशयास्पद वाटावेत असा सूर लावला. चेस डॉट कॉमने तपासणीत गैर काही आढळले नसल्याचे जाहीर केले. पण वाचकाला स्वतःलाही हे पडताळता येते. बुद्धिबळाच्या गुणांकनात दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूची अपेक्षित कमाई प्रत्येक डावात सुमारे ०.९१ गुण असते. बरोबऱ्या बाजूला ठेवल्या तर सलग ४६ डाव जिंकण्याची शक्यता साधारण ऐंशीत एक येते. एखादा माणूस आयुष्यात ४६च डाव खेळला असता, तर ही गोष्ट विरळा ठरली असती. जो हजारो डाव खेळतो आणि बरेचसे आपल्याहून खूप खालच्या गुणांकनाच्या खेळाडूंशी खेळतो, त्याच्या खात्यात अशी मालिका कधीच दिसली नाही तरच नवल. एक मालिका उचलून तिच्यावर संशयाचा डोलारा उभारणे मला अन्यायाचे वाटते. त्यातून तो हे डाव हजारो प्रेक्षकांसमोर, आपण काय पाहतो आहोत ते मोठ्याने बोलत खेळतो. द ग्रोट यांनी प्रयोगशाळेत जे करून घेतले, ते इथे रोज उघड्यावर चालते.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र जुन्या जाणत्यांचा आहे : जलद खेळाने खोली जाते. त्याला नाकामुराच्याच कारकिर्दीतून दोन्ही बाजूंचे पुरावे मिळतात. दोन वर्षांहून अधिक काळ संथ वेळेचा एकही डाव न खेळता, सगळा वेळ इंटरनेटवर घालवून तो २०२२ मध्ये ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या ग्रांप्री मालिकेत उतरला आणि ती जिंकला. २०२३ मध्ये नॉर्वे चेस जिंकून तो पुन्हा जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. खोली गेली असती तर हे झाले नसते. तरीही त्याची मर्यादा कुठे आहे, हे महाराष्ट्राच्या खेळाडूने दाखवून दिले. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी उंटाचा बळी देऊन नाकामुराच्या राजापुढची फळी फोडली आणि संथ डावांतली त्याची ४७ डावांची अपराजित मालिका संपवली. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवले. त्या स्पर्धेत नाकामुरा विजेत्या गुकेशपेक्षा अर्ध्या गुणाने मागे राहिला, म्हणजे एकाच खेळाडूकडून झालेले हे दोन पराभव किती महाग पडले ते उघड आहे. प्रतिस्पर्ध्याकडे दोन तास असतात तेव्हा अडचणीची चाल पुरत नाही. तो बसून ती अडचण सोडवतो. बर्न्स यांच्या आकड्यातला उरलेला भाग इथे आपली किंमत वसूल करतो.

म्हणून जलद खेळाला दुय्यम ठरवावे का? मला तसे वाटत नाही. २०१६, २०१८ आणि २०२३ या तिन्ही जागतिक अजिंक्यपद लढती संथ डावांत बरोबरीत सुटल्या आणि मुकुट जलद डावांत ठरला. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो रॅपिडमध्ये, १.५-०.५ असा, आणि तिथे निर्णायक चुका घड्याळाच्या दडपणाखालीच झाल्या. ज्या शिबिरांत आणि वर्गांत आजही मुलांना ब्लिट्झ खेळू नका असे सरसकट बजावले जाते, तिथल्या शिक्षकांनी याचा विचार करायला हवा. संथ डाव, विश्लेषण आणि अंतिम टप्प्याचा अभ्यास हा पाया राहणारच, पण वेळ कसा खर्चावा हेही शिकवावे लागते, आणि ते जलद डाव खेळून, नंतर प्रत्येक चालीला किती सेकंद गेले हे तपासूनच शिकता येते.

कार्लसनने ‘स्पीड चेस चॅम्पियनशिप’ची २०२३ ची अंतिम लढत १३.५-१२.५ अशी जिंकून नाकामुराची सलग विजेतेपदांची मालिका तोडली, तेव्हाही अंतर एकाच गुणाचे होते. या दोघांचे डाव इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात. पाहताना बाजूची संगणकाची पट्टी, जी प्रत्येक चालीला कोण वरचढ आहे हे सांगते, ती झाकून ठेवा आणि फक्त दोन्ही घड्याळांवर लक्ष ठेवा. समोरचा खेळाडू कुठल्या चालीला थांबला ते पाहा, आणि त्याआधीची नाकामुराची चाल पुन्हा एकदा नीट बघा.